पाणी उडवायचं कोणी? वाळवणापासून वाफेच्या भांड्यांपर्यंत



आजचा विषय कागदावर जरा रूक्ष दिसतो: बाष्पीभवन आणि शुष्कीकरण, म्हणजे पातळ पदार्थ आटवून घट्ट करणं आणि ओला पदार्थ वाळवून कोरडा करणं. रसायन अभियांत्रिकीच्या पुस्तकात याची दोन स्वतंत्र प्रकरणं असतात. पण आपण आज बोदवडला बसलोय, आणि इथे हा विषय पुस्तकातून शिकवावा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर बिबडे, पापड, कुरडया, सांडगे घातले नाहीत असं घर या भागात शोधावं लागेल. ज्वारी भिजवायची, दळायची, पीठ शिजवायचं, तीळ, लसूण, मिरची घालून ओल्या फडक्यावर पातळ थापायचं आणि उन्हात टाकायचं. पोरं अर्धे ओले बिबडे तिथेच खाऊन टाकतात, उरलेले डब्यात जातात आणि वर्षभर टिकतात. आज आपण ज्या तंत्राचा इतिहास बघणार आहोत त्याची सगळी तत्त्वं या एका कामात आलेली आहेत.

पण आधी एक प्रश्न समोर ठेवू, तोच शेवटपर्यंत धरून चालू. मालातलं पाणी काढून टाकायला खर्च येतो. हा खर्च कोण करतो, आणि पाणी निघून गेल्यावर मालाची जी किंमत वाढते ती कोणाच्या खिशात जाते?

ओलावा म्हणजे पैसा

बोदवडचा बाजार मूळचा कापसाचा. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत आली आणि तशीच पुढे नागपूरकडे गेली. या मार्गावरच्या गावांमध्ये जिनिंग-प्रेसिंगचा धंदा वाढला. आजही कापूस घेऊन जिनवर गेलं की आधी काय बघतात? ओलावा. भारतीय कपास निगमच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात. त्यापेक्षा जास्त असेल तर प्रत्येक टक्क्यामागे भाव कापतात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल घेतच नाहीत. मक्याला १४ टक्क्यांची अट असते, सोयाबीनला १२ टक्क्यांची. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर ज्याला पैशाची नड आहे आणि ज्याच्याकडे माल पसरायला खळं नाही, तो ओला माल घेऊन येतो आणि पडेल त्या भावाला देतो. ज्याच्याकडे जागा आहे, ताडपत्री आहे, आठ दिवस थांबायची ऐपत आहे, तो तोच माल वाळवून नेतो आणि पुरा भाव घेतो.

यातून आपलं आजचं सूत्र निघतं. वाळवणं म्हणजे थांबण्याची ताकद. ज्याला माल वाळवता येतो त्याला बाजारासाठी थांबता येतं. ज्याला येत नाही त्याला आजच्या आज विकावं लागतं.

आता हे पाणी किती असतं बघा. केळ्याच्या गरात साधारण ७५ टक्के पाणी. उसाच्या वजनात जवळपास ७० टक्के पाणी. कांद्यात ८५ टक्क्यांच्या पुढे. दुधातही तेवढंच. रावेर-सावद्याहून केळीची वाघीण दिल्लीला निघते तेव्हा रेल्वे मुख्यतः पाणी वाहून नेत असते, आणि भाडं त्या पाण्याचंही द्यावं लागतं. शिवाय पाणी आहे तोवर माल सडतो. जंतू, बुरशी, आंबणं, सगळ्यांना पाणी लागतं. पाणी काढलं की वजन कमी होतं आणि आयुष्य वाढतं. फायदा उघड आहे. मग सगळे वाळवत का नाहीत?

वाफ महाग का पडते

कारण पाणी सहजासहजी जात नाही. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते. आणि ते उकळतं पाणी सगळं वाफ करून टाकायला? सुमारे २,२६० किलोज्यूल. म्हणजे जवळजवळ आठपट. चहाचं आधण पटकन येतं, पण भांडं कोरडं व्हायला वेळ लागतो, त्याचं कारण हे.

समजा आपल्याला १०० किलो सोललेल्या केळ्यांची सुकेळी करायची आहेत. शंभरातलं ७५ किलो पाणी. सुकेळ्यात २० टक्के ओलावा ठेवला तरी माल उरतो साधारण ३१ किलो, आणि ६९ किलो पाणी उडवावं लागतं. चांगलं वाळलेलं लाकूड किलोमागे सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता देतं. सगळीच्या सगळी उष्णता कामी आली असं धरलं तरी दहा-अकरा किलो लाकूड लागेल. पण साध्या चुलीत पाचातला चार भाग उष्णता धुरात आणि हवेत जाते. म्हणजे प्रत्यक्षात पन्नासेक किलो लाकूड. सुकेळ्याच्या वजनापेक्षा सरपण जास्त!

ऊन मात्र फुकट आहे. मे महिन्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसभरात वीसेक मेगाज्यूल ऊन सहज पडतं. त्यातलं थोडंच वाळवणाच्या कामी येतं, पण ते फुकट येतं. म्हणून उन्हाळी कामं उन्हाळ्यात करायची.

आणि इथे खानदेशला निसर्गाने एक गोष्ट दिली आहे. आपण तिला शिव्या देतो, पण ती आहे: कोरडी हवा. वाळवायला नुसती उष्णता पुरत नाही, हवा पाणी घ्यायला तयार असावी लागते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. बाहेर ४५ अंश असताना माठातलं पाणी गार राहतं ते याचमुळे. माठाच्या बाहेरून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. वाळ्याचा पडदा, डेझर्ट कूलर हे सगळं याच तत्त्वावर चालतं. मुंबईत तोच कूलर लावा, नुसता दमटपणा वाढेल.

मुंबईवरून आठवलं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढचं लिज्जत. पहिल्या वर्षी त्यांना पावसाचे चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, खाली स्टोव्ह. झाला ड्रायर! शुष्कीकरणाच्या इतिहासात या खाटेला मानाची जागा द्यायला हवी असं आम्हाला वाटतं. तिच्यामुळे चार महिन्यांची मजुरी बुडायची थांबली. ऊन फुकट असतं, पण ते आपल्या वेळापत्रकाने येत नाही. इंधनाचे पैसे मोजले की वेळापत्रक आपल्या हातात येतं.

काहिलीपासून व्हॅक्यूम पॅनपर्यंत

आता पातळ पदार्थाकडे येऊ. आपल्या मुलखातलं आटवण्याचं सगळ्यात मोठं पारंपरिक काम म्हणजे गुऱ्हाळ. चरकातून रस काढायचा, काहिलीत ओतायचा, चुलाणात चिपाडं जाळायची. रस तापला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. मग आटवत राहायचं. काकवीच्या पुढे गेलं की गुळव्याची परीक्षा. पाक थंड पाण्यात टाकून बघायचा, गोळी बरोबर झाली की काहील उतरवायची. हे उतरवण्याचं तापमान ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान येतं. गुळव्याकडे थर्मामीटर नसतो, अंदाज मात्र पक्का असतो.

उघड्या काहिलीचे दोन तोटे. एक, वाफ आकाशात जाते, आणि तिच्यासोबत तिच्यात घातलेली सगळी उष्णता जाते. दोन, रस जसजसा घट्ट होतो तसतसं उकळण्याचं तापमान वाढतं आणि साखर करपते, रंग काळवंडतो.

दुसऱ्या तोट्यावर पहिला इलाज काढला एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने. १८१३ च्या सुमारास त्याने साखरेसाठी व्हॅक्यूम पॅन आणला. तत्त्व साधं आहे. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाखाली. दाब कमी केला की ते कमी तापमानाला उकळतं. हॉवर्डने भांडं बंद केलं, आतली हवा आणि वाफ ओढून घेतली, आणि पाक ६०-७० अंशांनाच उकळायला लागला. करपणं थांबलं, साखर पांढरी व्हायला लागली.

पहिल्या तोट्यावर इलाज काढणारा माणूस आज आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. त्याचं नाव नॉर्बर्ट रिलिओ. जन्म १८०६, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय वंशाची पण स्वतंत्र स्त्री. मुलगा हुशार निघाला, पॅरिसला शिकला, तिथेच वाफेच्या यंत्रांवर शिकवू लागला. त्या काळात लुइझियानातल्या उसाच्या मळ्यांवर साखर कशी होई? एका ओळीत मोठ्या कढया, खाली आग, आणि गुलाम माणसं लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून पुढच्या कढईत ओतायची. भाजून निघायचं हे रोजचं.

रिलिओने विचार केला, पहिल्या भांड्यातून निघणारी वाफ वाया का घालवायची? ती दुसऱ्या भांड्याच्या खाली घाला. पण दुसऱ्या भांड्यातला रसही १०० अंशांनाच उकळत असेल तर १०० अंशांची वाफ त्याला कशी उकळवणार? उष्णता वाहायला तापमानात फरक हवा. म्हणून दुसऱ्या भांड्यातला दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळेल. त्याची वाफ तिसऱ्या भांड्याला, तिथला दाब आणखी कमी. एकदा घातलेली उष्णता तीनदा, चारदा कामाला येते. यालाच आज मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर म्हणतात. रिलिओने १८४३ मध्ये पेटंट घेतलं आणि १८४५ मध्ये थिओडोर पॅकवुड नावाच्या मळेवाल्याकडे ते यंत्र नीट चालवून दाखवलं.

आकडे मांडून बघू. १०० किलो रसात १५ किलो घन पदार्थ. तो ६० टक्के घट्ट करायचा तर उरतो २५ किलो पाक, आणि ७५ किलो पाणी उडवायचं. एका भांड्यात हे करायला साधारण ७५ किलो वाफ लागते. चार भांड्यांच्या ओळीत वीस किलोच्या आसपास भागतं. इंधन जवळपास एक चतुर्थांश!

साखर कारखाना बाहेरून कोळसा न आणता उसाच्या चिपाडावर चालतो तो या माणसामुळे. उसातून रस काढून उरलेलं बगॅस बॉयलरमध्ये जातं, वाफ होते, ती आधी टर्बाइन फिरवते आणि मग रस आटवते. आजकाल कारखाने वरची वीज विकतात, तीही याच काटकसरीतून शिल्लक पडते.

रिलिओचं पुढे काय झालं? त्याच्या यंत्राने मळेवाल्यांचे पैसे वाचले, आणि कढयांच्या ओळीवरचं जीवघेणं काम गेलं. पण ज्या गावाने त्याचं यंत्र घेतलं त्या गावात त्याला बरोबरीचा माणूस म्हणून वागवलं जात नव्हतं. तो पुन्हा पॅरिसला गेला आणि १८९४ मध्ये तिथेच वारला. आणि गुलामगिरी? ती यंत्राने गेली नाही, त्यासाठी युद्ध व्हावं लागलं. तंत्र कष्ट हलके करतं. पण यंत्र कोणाच्या मालकीचं, याचं उत्तर तंत्रात मिळत नाही. हे लक्षात ठेवा, आता आपण महाराष्ट्रात येतोय.

आटवण्याची मालकी

१९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशात कारखाने निघू लागले. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मालेगाव तालुक्यातलं रावळगाव, वालचंद हिराचंद यांचा कारखाना. पण ही सगळी खासगी भांडवलाची कामं. माळीनगरला मात्र सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःचा कारखाना उभा केला, आणि शेतकरी हे करू शकतो असं दाखवून दिलं.

मग प्रवरानगर. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि सहकारात मुरलेले वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. या गोष्टीकडे आपण नेहमी सहकार आणि राजकारण या बाजूंनी बघतो. आज जरा आटवण्याच्या बाजूने बघू.

गूळ करणारा शेतकरी का नाडला जात होता? गुळाला दमट हवा सोसत नाही. पावसाळा आला की ढेपेला पाणी सुटतं, रंग उतरतो. म्हणून पावसाळ्याआधी विकणं भाग, आणि हे व्यापाऱ्याला माहीत असतं. साखर पोत्यात दोन वर्षं राहते. म्हणजे काहिलीवरून व्हॅक्यूम पॅनवर जाणं हे शेतकऱ्यासाठी घाईच्या मालाकडून थांबणाऱ्या मालाकडे जाणं होतं. फक्त हे यंत्र एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. काहील एका घराची असू शकते, चार भांड्यांचा इव्हॅपोरेटर असू शकत नाही. म्हणून हजारो सभासदांचा कारखाना.

खानदेशातही हे लोण आलं. फैजपूरचा मधुकर, शहाद्याला पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सातपुडा, अशी नावं तुम्हाला पाठ आहेत. पुढे आपल्या भागातल्या काही कारखान्यांची काय अवस्था झाली हेही तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. इव्हॅपोरेटरला रोज पुरेसा रस लागतो. ऊस कमी पडला की तेच यंत्र, तेच कर्ज, तेच पगार, आणि माल निम्मा. कोरड्या मुलखात पाणीदार पिकावर मोठं यंत्र उभं केलं तर ते किती हंगाम पोट भरून चालेल, हा प्रश्न आधीच विचारायला हवा.

दुधाची पावडर

दुधाचं उदाहरण तर आपल्या सूत्राचं अगदी स्वच्छ उदाहरण आहे. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देतात. खेड्याच्या शेतकऱ्यांचं दूध मुंबईला जायचं, पण हिवाळ्यातलं जादा दूध मुंबईला नको असायचं. दूध थांबत नाही. मग ते पडेल त्या भावाला द्या, नाहीतर ओतून द्या.

दुधाची फवारणी करून पावडर करण्याची कल्पना जुनी. सॅम्युअल पर्सी याने १८७२ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं होतं. पण ती गाईच्या दुधावर चालायची. म्हशीच्या दुधाची पावडर होणार नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. आणंदला हरिचंद दलाया यांनी ते करून दाखवलं, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला पंडित नेहरूंच्या हस्ते तो कारखाना सुरू झाला. त्या दिवसापासून हिवाळ्यातलं दूध उन्हाळ्यापर्यंत थांबू शकलं, आणि शेतकऱ्याला नाही म्हणण्याची सोय झाली.

यात एक गमतीची गोष्ट आहे. स्प्रे ड्रायरमध्ये हवा १८०-२०० अंशांची असते. मग दूध करपत कसं नाही? माठ आठवा. दुधाचा बारीक थेंब गरम हवेत पडतो आणि त्यातलं पाणी झपाट्याने उडू लागतं. उडणारं पाणी थेंबाला थंड ठेवतं. पाणी संपतं तेव्हा हवाही निवलेली असते, आणि पावडर खाली पडते. सगळा खेळ काही सेकंदांचा.

आणखी एक शहाणपण. कोणीही कच्चं दूध थेट फवारत नाही. आधी कमी दाबाच्या भांड्यांमध्ये आटवून ते ४०-५० टक्के घट्ट करतात आणि मग फवारतात. का? रिलिओच्या भांड्यांत उष्णता पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून तिथे किलोभर पाणी उडवणं स्वस्त. ड्रायरमधली हवा पाणी घेऊन बाहेर जाते, तिच्यातली उष्णता परत मिळवणं अवघड, म्हणून तिथे महाग. जास्तीचं पाणी भांड्यात घालवायचं, शेवटचं पाणी हवेत. जगभरच्या कारखान्यांचा हा नियम आहे. आणि बिबडे करणारी बाईही तेच करते. पीठ आधी घट्ट शिजवते, मगच उन्हात टाकते.

केळी, पपई, कांदा

आता घरी येऊ, जळगावला. १९६० च्या दशकात इथे केळीची पावडर करण्याचा एक कारखाना उभा राहिला होता. १९७८ मध्ये, चौदा वर्षं जुना झालेला तो कारखाना भवरलाल जैन यांनी सुमारे ३० लाख रुपयांना घेतला. त्या काळी ही फार मोठी रक्कम. पण त्यांनी केळीची पावडर केली नाही. तीच यंत्रसामग्री बदलून त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन करायला सुरुवात केली. कच्च्या पपईला चिरा पाडल्या की पांढरा चीक गळतो. त्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते मांस मऊ करायला, बिअर नितळ ठेवायला, औषधांत वापरतात. हा चीक वाळवणं नाजूक काम. उष्णता जास्त झाली की पावडर दिसायला तशीच राहते पण एन्झाइम मेलेलं असतं. म्हणून कमी तापमान, कमी दाब.

यातून शिकायचं काय? वाळवता येतं म्हणून वाळवावं असं नसतं. ताज्या केळ्याला रेल्वेवर गिऱ्हाईक होतं, पपेनला मात्र वाळल्याशिवाय बाजारच नव्हता. यंत्र तेच, पण उडवलेल्या प्रत्येक किलो पाण्यामागे मिळणारा पैसा वेगळा. वाळवण्याचा धंदा करणाऱ्याने मनात हा हिशेब आधी मांडावा.

योगायोग असा की त्याच १९७८ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलला शुष्कीकरण या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ती भरवणारे मॅकगिल विद्यापीठातले प्राध्यापक अरुण मुजुमदार हे मुंबईच्या यूडीसीटीत शिकलेले. पुढे त्यांनी संपादित केलेला औद्योगिक शुष्कीकरणाचा ग्रंथ जगभर वापरला जाऊ लागला.

जळगावला नंतर कांद्याचं निर्जलीकरण आलं, आंब्या-केळ्याचे गर आणि घट्ट रस आले. कांद्याचा हिशेब शेतकऱ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. वाळलेल्या कांद्यात ५ टक्के ओलावा ठेवतात. कांद्यात घन पदार्थ १२ टक्के असतील तर एक किलो वाळला कांदा करायला जवळजवळ आठ किलो सोललेला कांदा लागतो आणि सात किलो पाणी उडवावं लागतं. घन पदार्थ १८ टक्के असतील तर कांदा लागतो सव्वापाच किलो आणि पाणी सव्वाचार किलो. इंधन एक तृतीयांशाहून जास्त वाचतं. म्हणून कारखान्याला आपला नेहमीचा लाल कांदा नको असतो, जास्त घन पदार्थांचा पांढरा कांदा हवा असतो. त्यासाठी जैन उद्योगाने वेगळं वाण निवडलं आणि करार शेतीने ते शेतकऱ्यांकडे दिलं. म्हणजे ड्रायरने शेतातलं बियाणं बदललं. आणि मग प्रश्न येतो: कांदा वजनावर विकायचा की घन पदार्थावर? ज्याच्या कांद्यामुळे कारखान्याचं इंधन वाचलं त्याला त्यातला वाटा मिळतो का? करारावर सही करण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हा आहे.

कांदा वाळवताना एक खाच असते. सुरुवातीला पृष्ठभागावरचं पाणी झरझर उडतं, तेव्हा हवा जास्त गरम चालते. नंतर पाणी आतून बाहेर येत असतं, ते हळू येतं. तेव्हा घाई केली तर वरचं साल कडक होतं आणि आत ओल अडकते. म्हणून पट्ट्यावरच्या ड्रायरमध्ये टप्प्याटप्प्याने तापमान उतरवत नेतात. बिबडा पातळ थापायचा, वेळेवर उलटायचा, हे याचंच घरगुती रूप.

लहान यंत्राचा काळ

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली, की हे सगळं मोठ्या यंत्रांचं झालं, गटाने किंवा एकट्याने काय करावं?

प्रश्न बरोबर आहे. गेल्या पंधरा वर्षांत इथे थोडा बदल झालाय. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून, म्हणजे जुन्या यूडीसीटीतून, निघालेल्या तरुणांनी एक सौर ड्रायर बनवला. त्यांच्या एसफोरएस या उपक्रमात गावातल्या बायका घरीच कांदा, आलं, भाज्या कापून वाळवतात आणि कंपनी तो माल घेते. २०२३ मध्ये या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. गच्चीवरच्या वाळवणापेक्षा यात धूळ-माशी नाही आणि वाळण्याला शिस्त आहे. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जळगाव जिल्ह्यासाठी केळी हे पीक निवडलं आहे. जळगावच्या केळ्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकनही आहे. वाट आहे, पण आधी गिऱ्हाईक, मग यंत्र, हा क्रम चुकवू नका.

आणि यंत्र घेण्याच्याही आधी एक गोष्ट आहे, तिला तंत्रज्ञान म्हणायलाही आपण लाजतो: सामाईक खळं. सिमेंटचा सपाट, थोडा उतार असलेला ओटा, ताडपत्र्या, एक ओलावा मोजायचं मीटर. गावाच्या मालकीचं. मक्यातले चार टक्के आणि कापसातले दोन टक्के पाणी खानदेशातलं ऊन फुकट उडवून देईल. फक्त माल पसरायला जागा आणि वाट बघायला आठ दिवस हवेत. आठ दिवसांसाठी उचल देणारी एखादी सोसायटी असेल तर ओला माल विकण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाही.

उडवलेलं पाणी

शेवटचा मुद्दा, आणि तो जरा कडू आहे. आजपर्यंत आपण माल मिळवण्यासाठी पाणी उडवण्याबद्दल बोललो. आता घाण वेगळी करण्यासाठीही पाणी उडवावं लागतं. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढला की मागे काळं, दुर्गंधी पाणी उरतं, त्याला स्पेंट वॉश म्हणतात. लिटरभर मद्यार्कामागे असं कित्येक लिटर पाणी. ते ओढ्यात सोडलं की विहिरी नासतात. महाराष्ट्रात कितीतरी गावांनी हे भोगलं आहे. आता नियम कडक झाल्यावर तेच रिलिओचे इव्हॅपोरेटर हे पाणी आटवतात, घट्ट उरलेलं बॉयलरमध्ये जाळतात. ही भांडी इंधन खातात, आणि समोर विकायला माल नसतो. म्हणून ती बंद ठेवून पाणी रात्री सोडून देण्याचा मोह होतो. आपला सुरुवातीचा प्रश्न इथे उलटा होऊन उभा राहतो. पाणी उडवण्याचा खर्च जो टाळतो तो वाचत नाही, तो शेजारच्या विहिरीवर जातो.

बोदवडच्या माणसाला पाण्याची किंमत सांगायला नको. तापी खोऱ्यातलं पाणी उपसून या पठारावर आणायची सिंचन योजना किती वर्षं आपण ऐकतोय. ते पाणी आलं तर केळी येईल, ऊस येईल, पांढरा कांदा येईल, आणि त्यातलं बहुतेक पाणी कुठल्या तरी भांड्यात, पट्ट्यावर किंवा गच्चीवर पुन्हा उडवावं लागेल. ते कोणत्या पिकातून वर चढवायचं, कोणाच्या यंत्रात उडवायचं आणि वाळलेला माल कोणाच्या नावावर ठेवायचा, हे पाणी यायच्या आधी ठरवलं तर बरं. यंत्र उभं राहिल्यावर हे ठरवायला गेलेल्यांना पुष्कळ वेळा उशीर झालेला असतो, इतिहास तरी हेच सांगतो.

आता प्रश्न घेऊ.